पंगतीतली आजी काय म्हणाली

आमची मुलगी गेली, त्यानंतर मी सिद्धेश्वराच्या देवळात जाणं सोडलं. रागावून सोडलं असं म्हणता येणार नाही. रागवायलाही समोर कुणीतरी आहे असं वाटावं लागतं, आणि मला तेवढंही वाटेनासं झालं होतं. पूर्वी तळ्याच्या कडेने जाताना स्कूटर चालवता चालवता माझा एक हात आपोआप छातीशी जायचा आणि मागे बसलेली सुनंदा, म्हणजे माझी बायको, ओरडायची, "अहो, देव बघेल आपल्याकडे, तुम्ही रस्त्याकडे बघा!" आता दोन्ही हात मुठींवर असायचे आणि मागून काही आवाज यायचा नाही. मोठा सुरक्षित प्रवास चालला होता आमचा.

मी मुळात गप्प बसणारा माणूस नव्हे. सोलापूरच्या एका शाळेत सगळी नोकरी मराठी शिकवण्यात गेली. शिकवलं कमी आणि नाटकं जास्त केली असं माझे विद्यार्थी सांगतात, मी ते नाकारत नाही. पण माझी खरी ख्याती पंगतीतली. वैरागपासून अक्कलकोटपर्यंत आमच्या नात्यागोत्यात लग्न निघालं की "सर वाढायला आहेत ना?" ही चौकशी आधी व्हायची. कमरेला उपरणं, हातात जिलब्यांचं ताट आणि तोंडाचा पट्टा सुरू. ज्याच्या पानात वाढायचं त्याच्या शेजाऱ्याशी बोलायचं. त्याची नजर तिकडे वळली की याच्या पानात दोन जिलब्या. कुणी पानावर आडवा झाला तर पाठीवर ठेवीन म्हणून धमकी द्यायची. मधुमेहवाल्यांनी माझ्या भीतीने बुफेची प्रथा आणली, असा एक आरोप माझ्यावर आहे. वाढणाऱ्याने "नको" हा शब्द ऐकायचाच नसतो, हे माझं शास्त्र. समोरचा "नको" म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ "थोडं" असा घ्यायचा, "बास" म्हणतो तेव्हा "अजून एक", आणि त्याने हात जोडले तर कुठे विचार करायचा.

स्नेहल आमची एकुलती एक. जीभ माझी घेतली होती, डोकं आईचं. अकलूजच्या निखिलशी लग्न झालं आणि दोघं न्यूझीलंडला, ऑकलंडला गेली. तिकडेच ओवी झाली, आमची नात. आम्ही सकाळचा चहा घेत असू तेव्हा तिथे दुपार असायची, आणि स्नेहल फोनवर म्हणायची, "बाबा, तुमचा आजचा दिवस मी आधीच बघून आलेय. चांगला आहे, काळजी करू नका." अशाच एका सकाळी तिच्याऐवजी निखिलचा फोन आला. ओवीच्या डब्यासाठी ती सफरचंद कापत होती आणि उभ्याची खाली बसली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. आम्हाला वेळेत जाता आलं नाही. शेवटचं सगळं आम्ही फोनवर पाहिलं. निखिलच्या मित्राने तो फोन कशाला तरी टेकवून ठेवला होता, मध्येच तो घसरला आणि आम्हाला नुसतं छत दिसत राहिलं. पांढरं, स्वच्छ, कुणाचंही नसलेलं छत. मला ते अजून दिसतं.

ज्यांना कळलं ते येऊन बसून गेले. पण सोलापूर काही लहान नाही, सगळ्यांना कुठून कळणार? स्नेहलला शाळेत नेणारे रिक्षावाले रशीदभाई मला एकदा सात रस्त्याला भेटले. रिक्षा थांबवून, मान बाहेर काढून म्हणाले, "क्या सर, बिटिया कैसी है जी?" मी म्हणालो, "मजेत आहे." का म्हणालो ते मला ठाऊक नाही. भर चौकात, मागे हॉर्न वाजत असताना दुसरं काही सांगायला तोंडच उघडलं नाही. ते म्हणाले, "अल्ला खुश रक्खे," आणि निघून गेले. त्यात एवढं काय घडलं? पण त्या संध्याकाळी मी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवलो. सुनंदाने विचारलंही, "आज काय झालंय?" मी भाजी चांगली झालीय म्हणालो.

मग ती सवयच लागली. कारण कसं होतं, स्नेहल सोलापुरात राहत नव्हतीच. तिची खोली कधीच रिकामी झाली होती, तिची स्कूटी विकून झाली होती. ती परदेशात होती, आणि जोवर मी जुळे सोलापुरातल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावर बसून होतो तोवर ती परदेशातच राहू शकत होती. न्हाव्याने विचारलं तर मजेत. इस्त्रीवाल्याने विचारलं तर मजेत. पुढे नुसतं मजेत म्हणून भागेना. माझ्यातला नाटकवाला जागा झाला. तिने परसात मेथी लावलीय, गोगलगायींनी खाल्ली. तिने शेजारच्या गोऱ्या बाईला शेंगदाण्याची चटणी खाऊ घातली आणि ती बाई डोळे पुसत अजून मागते. ऐकणारे हसायचे, आणि ते हसले की तेवढा वेळ माझी मुलगी कुठेतरी ओट्याशी उभी असायची.

एक दिवस निखिलने फोनवर रडत सांगितलं की त्याच्याच्याने हे होत नाही. ओवीला सांभाळायला आम्ही यावं, आणि चार महिन्यांसाठी नको, कायमचं यावं. कागदपत्रांचं तो बघत होता. सुनंदा "हो" म्हणाली. विचार करते नाही, यांना विचारते नाही. दळण आणायला जावं इतक्या सहज हो म्हणाली. मी मात्र सबबी काढायला बसलो. तिथे थंडी. माझे गुडघे. ओवी इंग्रजीत रडते, ते मला समजत नाही. घराचं काय करायचं? सुनंदा ऐकून घ्यायची आणि एकेक वस्तू घराबाहेर काढायची. फ्रिज तिच्या भावाकडे गेला, कपाट वरच्या मजल्यावर, आणि खालच्या वहिनी आमच्या मिक्सरकडे पाहत रोज "आहे का अजून?" विचारायला यायच्या, आम्ही की मिक्सर, ते कळायचं नाही.

वैरागहून धाकटा भाऊ आला. शेतीवाला माणूस, मनात येईल ते तोंडात. रिकाम्या खोलीत सतरंजीवर बसून म्हणाला, "आण्णा, लई केलंस. ह्या वयात मुलूख सोडून कुटं जातूस? तितं कोन हाय आपलं?"

सुनंदा आतून म्हणाली, "नात हाय की, भावजी."

भावाने सतरंजीची कड सरळ केली. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "व्हय, ती बी खरंच. जा बाबा." हाच एक माणूस मला अडवेल अशी माझी आशा होती.

माझी अडचण मी कुणालाही सांगितली नव्हती. गुडघे आणि थंडी हे सगळं खोटं होतं. तिथे गेलो की ते घर दिसणार, तो ओटा दिसणार, आणि त्याच्याशी कुणी उभं नसणार. सोलापुरात बसून मी तिला जगवत होतो. तिकडे जाणं म्हणजे तिला माझ्या हाताने सोडून देणं. आणि न जाणं म्हणजे चार वर्षांच्या पोरीला, जिला माझी खरी गरज होती, नाही म्हणणं. एकीकडे बाप, दुसरीकडे आजोबा, आणि मला धड कुठलंच होता येत नव्हतं.

सुनंदाला सगळं ठाऊक होतं, हे मला एका दुपारी कळलं. खालच्या वहिनी नव्यानेच राहायला आलेल्या, त्यांना आमचं काही माहीत नव्हतं. त्या जिन्यात तिचं अभिनंदन करून गेल्या. सुनंदा वर आली, पदराने गळा पुसला आणि म्हणाली, "अहो, तुम्ही आपल्या स्नेहलला बढती दिलीत म्हणे." आवाज चढला नव्हता. मी पंख्याकडे बघत राहिलो. ती स्वयंपाकघरात गेली आणि तिथूनच म्हणाली, "मी तिकीट काढायला सांगितलंय. तुम्हाला यायचं नसेल तर मी एकटी जाते. ओवी वाट बघतेय."

निघण्याआधी तिला एकदा अन्नदान करायचं होतं. पूर्वभागात, विणकरांच्या वस्तीत एक लहानसं शंकराचं देऊळ आहे. चादरी घ्यायला ती वर्षानुवर्षं ज्या घरी जायची, त्या तेलुगू कुटुंबाने तिथलं सगळं जमवून दिलं. गव्हाची खीर, भात, आमटी. मी येणार नाही म्हणालो. सुनंदा म्हणाली, "देवासाठी येऊ नका. वाढायला माणूस नाही." माझं वर्म तिला बरोबर ठाऊक आहे. मी उपरणं कमरेला गुंडाळलं.

बऱ्याच दिवसांनी हातात बादली आणि वगराळं आलं आणि मला खरोखर बरं वाटलं, हे मी लपवणार नाही. पंगतीला बहुतेक म्हाताऱ्या बायका, आयुष्यभर विड्या वळून बोटं पिवळी झालेल्या. एकमेकींत त्या तेलुगूत बोलत होत्या. मी आपला नेहमीचा खेळ सुरू केला. एकीला म्हणालो, एवढीशी खीर खाऊन घरी गेलात तर सून मला शिव्या देईल. बायका हसायला लागल्या. रांगेच्या शेवटी एक अगदी वाळलेली आजी बसली होती, मोठ्ठं कुंकू, तोंडात दोनच दात. तिने मला विचारलं, "लेकरं किती, सर?"

"एकच लेक," मी म्हणालो, आणि वगराळं तिच्या पानात रिकामं केलं. "परदेशात असते. आम्ही तिच्याकडेच निघालोय."

"चालु," आजी म्हणाली.

मला वाटलं, सांगणं चालू ठेव म्हणतेय. मला तेवढंच हवं होतं. मी सांगू लागलो. लेक तिकडे मोठ्या हुद्द्यावर आहे, स्वतः गाडी चालवते, आम्ही आल्यावर समुद्रावर नेणार आहे. एक वाक्य आणि एक वगराळं, असा माझा हात चालला होता. "चालु, चालु," आजी म्हणत होती, आणि मी म्हणत होतो, "चालूच आहे, आजी!" रांगेतल्या बायका खो खो हसत होत्या. मला वाटलं, रंगलाय कार्यक्रम. मी बादली तिरकी केली. स्नेहल विमानतळावर आम्हाला घ्यायला येणार आहे, असं मी म्हणालो, लाल स्वेटर घालून येणार आहे, म्हणजे गर्दीत दिसेल. आणि वगराळं खाली आलं तेव्हा आजीने दोन्ही हात पानावर पालथे धरले. गरम खीर तिच्या हातांवर पडली.

शेजारची बाई हसता हसता म्हणाली, "अवो सर, ती पुरे म्हणती की! आमच्यात चालु म्हंजी पुरे!"

आजीने हात मागे घेतले नाहीत. खीर बोटांवरून ओघळत होती आणि ती माझ्याकडे वर बघत होती. चटका बसला असणार, पण चेहऱ्यावर राग नव्हता. अगदी हळू, लहान मुलाला थोपटावं तशा आवाजात ती म्हणाली, "चालु, नायना. चालु." नायना म्हणजे बाळा, हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त पुरे एवढंच कळलं.

तिला माझ्याबद्दल काही माहीत नव्हतं. ती खिरीबद्दलच बोलत होती, हे मी पुन्हा सांगतो. पान भरून वाहत होतं आणि एक आडदांड माणूस ऐकत नव्हता, म्हणून ती म्हणाली. पण तिच्या मागे गाभाऱ्याचं दार उघडं होतं, आत निरांजन होतं, आणि मला त्या क्षणी असं झालं की कितीतरी महिने मला कुणीतरी हेच सांगत होतं. पत्नी सांगत होती, नातीचं रडणं सांगत होतं, आणि मी तो शब्द उलटा ऐकत होतो. आयुष्यभर शाळेत मी चालू वर्तमानकाळ शिकवला. ती येत आहे, ती हसत आहे. माझ्या मुलीला मी त्याच काळात कोंडून ठेवलं होतं.

मी बादली खाली ठेवली. पाण्याचा तांब्या घेऊन सुनंदा माझ्या मागेच उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं, लाल स्वेटरसुद्धा. मी आजीला म्हणालो, "आजी, मी खोटं बोललो. माझी लेक गेली. स्नेहल गेली." हे वाक्य मी त्याआधी कधीच उच्चारलं नव्हतं. रांगेतलं हसू थांबलं. ज्यांना मराठी समजलं नाही त्यांनाही समजलं.

आजीने हात पदराला पुसले. त्या एवढ्याशा पानावर ढिगभर खीर होती आणि प्रसाद टाकायचा नसतो. तिने शेजारणीला सरकायला लावलं, माझा हात ओढून मला खाली बसवलं आणि पान आमच्या दोघांच्या मध्ये केलं. म्हणाली, "तिनु." खा. मी खाल्लं. उष्टं वगैरे काही मनात आलं नाही. मी रडत होतो आणि खात होतो, आणि ती मध्येमध्ये खिरीचा घास माझ्या बाजूला सरकवत होती. माझ्यासारख्या वाढप्याला त्या दिवशी कुणीतरी वाढत होतं. थोड्या वेळाने सुनंदाही तांब्या ठेवून माझ्या दुसऱ्या बाजूला बसली आणि तिने त्याच पानातून खायला सुरुवात केली. स्नेहल गेल्यापासून आम्ही दोघं एकत्र रडलो नव्हतो. ती माझ्यापासून लपवून रडायची आणि मी रडतच नव्हतो.

दुसऱ्या दिवशी मी सिद्धेश्वराला गेलो. काही मागितलं नाही. नमस्कार केला, आणि सांगितलं की आम्ही निघालोय, गाव तुमच्याकडे ठेवून जातोय. परत येताना सात रस्त्याला रिक्षा शोधून रशीदभाईंना खरं सांगितलं. ते रिक्षातून उतरले आणि माझे दोन्ही हात धरून उभे राहिले. मागे हॉर्न वाजत राहिले.

माझ्या मुलीला जेवढं आयुष्य मिळालं तेवढं पुरेसं होतं, असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या कुणी म्हटलं तर मी भांडेन. पण माझा आग्रह पुरे झाला होता. मी देवाचंसुद्धा "नको" ऐकत नव्हतो. शरण जाणं म्हणजे काहीतरी फार मोठं, साधूसंतांनी करायचं काम असतं असं मला वाटायचं. मला जमलं ते एवढंच, की हातातली बादली खाली ठेवली. तीही मी ठेवली नसती. कुणीतरी स्वतःचे हात भाजून घेतले म्हणून ठेवली. त्या आजीचं नाव मी विचारलं नाही. रोज नमस्कार करताना तिचे ते पालथे हात डोळ्यांसमोर येतात, आणि नमस्कार कुणाला पोचतो याचा मी आता शोध घेत नाही.

ऑकलंडला विमानतळावर निखिल एकटाच आला होता. ओवी घरी शेजारणीजवळ होती. घर आलं. सुनंदा भराभर आत गेली. मी मात्र बाहेरच्या पायरीवर थांबलो. ज्याची भीती घेऊन मी इतक्या दूर आलो होतो ते दार उघडं होतं, आणि आत सरळ ओटा दिसत होता. त्याच्याशी कुणी नव्हतं. माझा पाय उचलेना.

तेवढ्यात आतून एक लहान मुलगी आली. दोन वेण्या, एक सुटलेली. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, कमरेवर हात ठेवले, आणि स्वच्छ मराठीत, माझ्या पायांकडे बोट दाखवून म्हणाली, "आबा, चपला बाहेर काढायच्या. आईने सांगितलंय."

मी चपला काढल्या आणि आत गेलो.